घरोघर पोचलेला तह

१९ ऑक्टोबर १९८८ रोजी ब्रिटिश सरकारने एक फर्मान काढले. उत्तर आयर्लंडशी संबंधित अकरा संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज यापुढे रेडिओ-टीव्हीवरून ऐकवायचा नाही. यादीत अखंड आयर्लंडसाठी शस्त्र उचललेली आयआरए होती, तिच्याविरुद्ध लढणाऱ्या प्रोटेस्टंट सशस्त्र संघटना होत्या आणि आयआरएशी नाते असलेला पण निवडणुका लढवणारा शिन फेन हा कायदेशीर पक्षही होता. त्याचे अध्यक्ष जेरी अ‍ॅडम्स तेव्हा पश्चिम बेलफास्टचे निवडून आलेले खासदार होते. दहशतवाद्यांना प्रसिद्धीचा प्राणवायू मिळता कामा नये, ही पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची जुनी भूमिका. पण मनाई फक्त आवाजाला होती, चेहऱ्याला आणि शब्दांना नव्हती. वाहिन्यांनी लगेच पळवाट शोधली. पडद्यावर अ‍ॅडम्स बोलताना दिसत, ओठ त्यांचेच हलत, आवाज मात्र पैसे देऊन आणलेल्या नटाचा. स्टीफन री यांच्यासारख्या नावाजलेल्या नटानेही हे काम केले. निवडणूक लागली की प्रचारापुरती मनाई सैल होई, निकाल लागले की पुन्हा नटांना बोलावणे जाई. हा खेळ जवळजवळ सहा वर्षे चालला. सप्टेंबर १९९४ मध्ये नंतरचे पंतप्रधान जॉन मेजर यांनी तो बंद केला, तेव्हा आयआरएची शस्त्रसंधी जाहीर होऊन पंधरवडा उलटला होता.

गंमत अशी की, ज्यांचा आवाज जनतेला ऐकू द्यायचा नव्हता त्यांच्याशी सरकार स्वतः गुपचूप बोलत होते. डेरी शहरातले ब्रेंडन डडी हे व्यावसायिक सत्तरच्या दशकापासून ब्रिटिश गुप्तचर आणि आयआरए यांच्यातले निरोप्ये होते. नोव्हेंबर १९९३ च्या सुरुवातीला मेजर यांनी संसदेत ठासून सांगितले की, अ‍ॅडम्स यांच्याशी आणि आयआरएशी चर्चा करायची तर आपल्या पोटात ढवळेल. महिना संपायच्या आत ‘ऑब्झर्व्हर’ने ही गुप्त वाट चव्हाट्यावर आणली. मंत्री पॅट्रिक मेयू यांना संसदेत खुलासा करावा लागला. कट्टर प्रोटेस्टंट नेते इयन पेझली यांनी त्यांना खोटारडा म्हटले आणि पेझलींना सभागृहाबाहेर काढले गेले. एवढे झाले, पण सरकार पडले नाही. उलट अडीच आठवड्यांत ब्रिटन आणि आयर्लंडच्या पंतप्रधानांनी डाउनिंग स्ट्रीटवरून संयुक्त जाहीरनामा काढला. लोक या बातमीने कोसळून पडतील ही धास्ती राज्यकर्त्यांचीच होती. लोक पुढे निघून गेले होते.

कुठेही शांततेची बोलणी सुरू झाली की आपल्याकडे दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. काहींना वाटते, चार शहाणे मुत्सद्दी बंद खोलीत बसवावेत, लोकांना आणि पत्रकारांना लांब ठेवावे, तरच काही जुळते. काहींना वाटते, माणसांची मने जुळल्याशिवाय कागदावरच्या सह्या फुकट. उत्तर आयर्लंड या दोन्ही मतांच्या आड येते. तिथे बंद खोल्या लागल्या, त्यांच्यावाचून सुरुवातच झाली नसती. आणि मने आजही फारशी जुळलेली नाहीत. तरीही साडेतीन हजारांहून अधिक बळी घेणारा तीस वर्षांचा रक्तपात थांबला. माझ्या मते तो थांबण्यात उघड, कटकटीच्या, प्रसंगी शिवराळ अशा सार्वजनिक चर्चेचा वाटा समजला जातो त्याहून बराच मोठा आहे. या चर्चेने कुणाचे मतपरिवर्तन केले असे मी म्हणत नाही. तिने केले ते एवढेच की, खोलीत मान्य केलेल्या गोष्टी नेत्यांना आपल्या माणसांसमोर मोठ्याने म्हणता येऊ लागल्या.

मूळ भांडण थोडक्यात सांगता येते. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि ईशान्येकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथल्या प्रोटेस्टंट बहुसंख्याकांना ब्रिटनमध्येच राहायचे होते, त्यांना युनियनवादी म्हणतात. कॅथलिक अल्पसंख्याकांपैकी बहुतेकांना अखंड आयर्लंड हवे होते, ते राष्ट्रवादी. भांडणाला धर्माचे नाव असले तरी वाद देवाधर्माचा नव्हता. वाद होता देश कोणता याचा, आणि त्याखाली घरवाटप, नोकऱ्या, मतदारसंघांची आखणी यांतल्या पक्षपाताचा. १९६८ मध्ये कॅथलिकांनी नागरी हक्कांसाठी मोर्चे काढले, पोलिसांनी ते झोडपले, १९६९ मध्ये ब्रिटिश लष्कर आले. ३० जानेवारी १९७२ ला डेरीत सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि तेरा जण जागीच मारले गेले. त्यानंतर आयआरएला तरुणांची वाण पडली नाही.

आता एक फार बोलकी तुलना करता येते. हा रक्तपात थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारातल्या मुख्य कल्पना १९७३ मध्येच सुचलेल्या होत्या. त्या वर्षी डिसेंबरात इंग्लंडमधल्या सनिंगडेल इथे ठरले की, दोन्ही समाजांचे पक्ष मिळून सरकार चालवतील आणि उत्तर-दक्षिण सहकार्यासाठी एक मंडळ असेल. १ जानेवारी १९७४ ला सरकार आले. फेब्रुवारीत ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक लागली, आणि उत्तर आयर्लंडच्या बारापैकी अकरा जागा कराराच्या विरोधकांनी जिंकल्या. मे महिन्यात प्रोटेस्टंट कामगारांनी संप पुकारला. वीजकेंद्रे त्यांच्या हातात होती, त्यामुळे दोन आठवड्यांत प्रदेश अंधारात जायची वेळ आली आणि सरकारने राजीनामा दिला. चोवीस वर्षांनी जवळजवळ तोच आराखडा पुन्हा मांडला गेला आणि स्वीकारला गेला. सीमस मॅलन या राष्ट्रवादी नेत्याने गुड फ्रायडे कराराला मंद विद्यार्थ्यांसाठीचे सनिंगडेल म्हटले ते याच कारणाने. मग मधल्या काळात बदलले काय? पुष्कळ काही बदलले: लंडन आणि डब्लिनचे संबंध सुधारले, अमेरिकेने लक्ष घातले, आयआरएच्या लक्षात आले की ब्रिटिश लष्कराला हुसकावणे शक्य नाही आणि लष्कराच्याही लक्षात आले की आयआरए संपत नाही. पण सनिंगडेलला सशस्त्र गटांशी नाते असलेले पक्ष खोलीबाहेर होते आणि तो करार कुणी मतदारांपुढे ठेवला नाही. मतदारांनी संधी मिळताच, भलत्याच निवडणुकीत, तो फेटाळला.

नव्वदच्या दशकात हे दोन्ही दोष हळूहळू दूर झाले. त्यातला कमी ठाऊक असलेला टप्पा म्हणजे १९९२-९३ ची नागरिक चौकशी. पक्षांची बोलणी अडली होती. तेव्हा बेलफास्टमधल्या काही पत्रकारांनी आणि प्राध्यापकांनी टॉर्केल ऑप्साल या नॉर्वेच्या कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र आयोग नेमला आणि साध्या माणसांना विचारले: तुमच्या मते यातून वाट कोणती? सुमारे तीन हजार लोकांच्या वतीने साडेपाचशेहून अधिक निवेदने आली. गावोगावच्या सभागृहांत सुनावण्या झाल्या, शाळकरी मुलांनाही बोलावले गेले. टीव्हीवर शिन फेनचा आवाज बंद असताना इथे त्या पक्षाच्या मतदारांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले गेले. या आयोगाला कसलाच अधिकार नव्हता आणि त्याच्या शिफारशी कुणी जशाच्या तशा उचललेल्या नाहीत. तरी निषिद्ध मानलेल्या पक्षाबद्दल चारचौघांत सभ्यपणे बोलता येते, एवढे त्याने दाखवून दिले.

मे १९९६ ची निवडणूक याहून महत्त्वाची. बोलणी करायला कोण बसणार हे ठरवण्यासाठी मतदान घेतले गेले आणि त्याची पद्धत मुद्दाम वाकडी ठेवली होती. मतदारसंघांतून निवडून येणाऱ्यांखेरीज, एकूण मतांत पहिल्या दहांत येणाऱ्या प्रत्येक पक्षाला दोन जागा. हेतू असा की, प्रोटेस्टंट सशस्त्र संघटनांशी संबंधित छोटे पक्ष आत यावेत. त्याच दारातून आणखी एक पक्ष शिरला: मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सागर यांची महिला आघाडी, मतदानाच्या जेमतेम सहा आठवडे आधी उभी राहिलेली, दोन्ही समाजांतल्या स्त्रियांची. मते मिळाली एक टक्का. सभागृहात या बायका बोलायला उभ्या राहिल्या की काही पुरुष सदस्य गाईसारखे हंबरत. त्यावर आघाडीने आपल्या कार्यालयात फळाच लावला. ज्याने जो अपमान केला तो त्याच्या नावासह त्यावर लिहिला जाई. पण अंतिम करारात बळींच्या कुटुंबांचा उल्लेख, दोन्ही समाजांच्या मुलांनी एकत्र शिकण्याचा मुद्दा, नागरी मंचाची तरतूद या गोष्टी आल्या त्या प्रामुख्याने या आघाडीच्या चिकाटीमुळे. सार्वभौमत्वावर घसा कोरडा करणाऱ्या पक्षांना त्या सुचण्यासारख्या नव्हत्या.

अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल जवळजवळ दोन वर्षे त्या टेबलाच्या टोकाला बसून होते. त्यांचा नियम होता ‘पुरेशी सहमती’: एकूण बहुमत पुरेसे नाही, दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींत स्वतंत्रपणे बहुमत हवे. सप्टेंबर १९९७ मध्ये शिन फेन आत आला आणि पेझलींचा पक्ष बाहेर पडला. डेव्हिड ट्रिंबल यांचा मोठा युनियनवादी पक्ष मात्र थांबला. १० एप्रिल १९९८ ला, ठरलेली मुदत टळून गेल्यावर, करार झाला. त्याची खुबी अशी की, मूळ प्रश्न त्याने सोडवलाच नाही. बहुसंख्यांची इच्छा असेल तोवर उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहील, इच्छा बदलली तर आयर्लंडमध्ये जाईल, आणि दोन्ही स्थितींत तिथल्या माणसाला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही नागरिकत्वे घेता येतील. भांडायला सगळ्यांना मुभा राहिली, बंदुकीने भांडायला नाही.

मग करार छापून उत्तर आयर्लंडमधल्या घराघरांत टपालाने पाठवला गेला. हा तुमच्या भविष्याचा प्रश्न आहे, नीट वाचा, निर्णय तुमचा आहे, अशा अर्थाची सूचना मुखपृष्ठावर होती. सत्तावाटपाचे किचकट सूत्र, पोलिसांची पुनर्रचना, दोन वर्षांत कैद्यांची सुटका, सगळे त्यात होते. २२ मे रोजी मतदान झाले. मतदान ८१ टक्के, कराराच्या बाजूने ७१ टक्के. युनियनवादी समाजात ही संख्या निम्म्याहून थोडीच अधिक असावी असा अंदाज होता. त्याच दिवशी दक्षिणेत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकातही मतदान होऊन तिथे ९४ टक्के लोकांनी होकार दिला. एकाच दिवशी दोन मतदाने घेण्यामागे राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम यांचे चातुर्य होते. संपूर्ण बेटाने एकत्र कौल दिला होता तो शेवटचा १९१८ मध्ये, आणि आयआरए आपल्या बंदुकीला त्या कौलाचा आधार दाखवत असे. आता ऐंशी वर्षांनी बेटाने पुन्हा कौल दिला होता. १५ ऑगस्टला फुटीर ‘रिअल आयआरए’ने ओमा गावात मोटारबॉम्ब फोडला. २९ माणसे मेली, त्यात जुळ्यांची आई होऊ घातलेली एक गरोदर स्त्री होती. अशा स्फोटाने याआधी अनेक बोलणी उधळली होती. या वेळी उधळली गेली नाहीत, आणि महिन्याभरात त्या गटालाच शस्त्रसंधी जाहीर करावी लागली. कुणाच्या नावाने बॉम्ब फोडला याचे उत्तर त्यांच्याकडे उरले नव्हते.

करार असा लोकांपुढे ठेवण्यावर पहिला आक्षेप सरळ आहे: लोकांना विचारले आणि ते नाही म्हणाले तर? कोलंबियात तसेच घडले. सरकार आणि फार्क बंडखोर हवानात चार वर्षे वाटाघाटी करत होते. २ ऑक्टोबर २०१६ ला सार्वमत झाले, मतदान ३८ टक्क्यांपेक्षा कमी, आणि ५०.२ टक्क्यांनी करार फेटाळला. अंतिम मसुद्यापासून मतदानापर्यंतचा काळ दोन्ही देशांत सारखाच होता, सहा आठवड्यांच्या आसपास. तेव्हा घाई झाली हे कारण पुरत नाही. फरक आधीच्या वर्षांत होता. हवानात बळींच्या नातलगांची शिष्टमंडळे गेली, त्यांचे ऐकले गेले. २००२ मध्ये लढाईत चर्चवर स्फोटक पडून अनेक जीव गेले त्या बोहाया गावाने सुमारे ९६ टक्के मते कराराला दिली. पण माजी अध्यक्ष उरिबे यांच्यामागे उभ्या असलेल्या मोठ्या जनसमूहाचे म्हणणे टेबलापर्यंत पोचले नव्हते. ते पोचले थेट मतपेटीत. नकारानंतर सरकारने विरोधकांशी बोलून मसुदा बदलला आणि नोव्हेंबरमध्ये संसदेकडून तो मंजूर करून घेतला. म्हणजे जी चर्चा आधी व्हायला हवी होती ती नंतर, नाक मुठीत धरून करावी लागली.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला हलकेच बगल देता येत नाही. चारशेहून अधिक कैदी सुटले. त्यांतल्या काहींनी अनेक खून केले होते. ज्यांची मुले मारली गेली त्यांना मारेकरी बाजारात समोरून येताना दिसू लागले. याला न्याय म्हणता येणार नाही. ती किंमत होती, आणि तिचा बोजा समाजात सारखा वाटला गेला नाही. मी एवढेच निदर्शनास आणतो की ती किंमत छापील होती. लोकांनी वाचून, चिडून, दातओठ खात का होईना, तिला मत दिले, आणि ती टिकली. याउलट पाहा: पुढे ब्रिटिश सरकारने फरारी संशयितांपैकी सुमारे दोनशे जणांना, सध्या तुमचा शोध चालू नाही, अशी पत्रे गुपचूप पाठवली. २०१४ मध्ये लंडनमधल्या हाइड पार्क बॉम्बस्फोटाचा खटला अशा एका पत्रामुळे कोसळला तेव्हा हे उघड झाले. उत्तर आयर्लंडच्या प्रथम मंत्र्याने राजीनाम्याची धमकी दिली आणि न्यायाधीशांकडून चौकशी करावी लागली. लोकांना कैद्यांची सुटका पचली, पत्रे पचली नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: या शांततेने दोन समाज गोठवून ठेवले. विधानसभेत प्रत्येक सदस्याला स्वतःला युनियनवादी, राष्ट्रवादी किंवा ‘इतर’ म्हणून नोंदवावे लागते आणि महत्त्वाच्या ठरावात ‘इतरां’च्या मताला वजन कमी पडते. दोनांपैकी एक मोठा पक्ष रुसला की सरकार बंद. २००२ ते २००७, २०१७ ते २०२०, पुन्हा २०२२ ते फेब्रुवारी २०२४ असे ते बंद राहिले. बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांमधल्या ‘शांतता भिंती’ २०२३ पर्यंत पाडायचे ठरले होते, बहुतेक आजही उभ्या आहेत. दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकतात अशा शाळांत दहांतला एक विद्यार्थीही नाही. हे सगळे खरे आहे. पण दोष उघड चर्चेच्या माथी मारण्याआधी तिचे पुढे काय झाले ते पाहावे. महिला आघाडीने मिळवलेला साठ सदस्यांचा नागरी मंच ऑक्टोबर २००० मध्ये भरला. त्यात कामगार संघटना, शेतकरी, उद्योजक, चर्च, स्वयंसेवी संस्था यांची माणसे होती. दोन वर्षांनी विधानसभा स्थगित झाली तेव्हा तोही स्थगित झाला. विधानसभा परत आली, मंच परत आला नाही. पक्षांना तो नकोच होता. करार घडताना लोक हवे होते, तो राबवताना अडगळ झाले.

भूतकाळाच्या बाबतीत तर ही उणीव फार बोचते. २००९ मध्ये माजी आर्चबिशप रॉबिन ईम्स आणि डेनिस ब्रॅडली यांच्या समितीने अहवाल दिला. त्यात बरेच विचारपूर्वक लिहिलेले होते, पण एक शिफारस अशी होती की, प्रत्येक मृताच्या कुटुंबाला १२ हजार पौंड द्यावेत, मग मृत कोणत्याही बाजूचा असो. बॉम्ब ठेवताना मेलेला आणि त्याच बॉम्बने मेलेला एका रांगेत. बेलफास्टमध्ये अहवालाच्या प्रकाशनालाच आरडाओरडा झाला आणि अहवाल बासनात गेला. दुसऱ्या बाजूला १९७२ च्या डेरीच्या गोळीबाराची लॉर्ड सॅव्हिल यांनी केलेली चौकशी. ती बारा वर्षे चालली, शेकडो साक्षीदार डेरीच्या गिल्डहॉलमध्ये उघडपणे बोलले, जवळजवळ वीस कोटी पौंड खर्च झाला. खर्चावरून टीका झाली ती रास्तच. पण १५ जून २०१० रोजी डेव्हिड कॅमेरॉन यांनी संसदेत माफी मागितली तेव्हा गिल्डहॉलसमोरच्या चौकात मोठ्या पडद्यावर ते पाहणाऱ्या गर्दीने एका ब्रिटिश पंतप्रधानासाठी टाळ्या वाजवल्या. इतर हजारो कुटुंबांना असे काही मिळालेले नाही, आणि प्रत्येक खुनाला बारा वर्षांची चौकशी परवडणारीही नाही.

यापुढची परीक्षा मूळ प्रश्नाचीच असेल. २०२१ च्या जनगणनेत प्रथमच कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक प्रोटेस्टंट पार्श्वभूमीच्या लोकांपेक्षा जास्त निघाले, ४५.७ टक्के विरुद्ध ४३.५ टक्के. बहुसंख्य लोक एकीकरणाच्या बाजूने मत देतील असे ब्रिटिश मंत्र्याला वाटले तर त्याने सार्वमत घ्यावे, असे करार म्हणतो; तसे वाटायचे कशावरून, ते सांगत नाही. निकालाला अर्ध्याहून एक मत जास्त पुरेल. ब्रेक्झिटच्या वेळी उत्तर आयर्लंडने सुमारे ५६ टक्क्यांनी युरोपात राहायचे म्हटले होते, आणि त्या प्रचारात लंडनमध्ये आयर्लंडच्या सीमेचा विषय क्वचितच निघाला. त्याची भरपाई नंतर सात-आठ वर्षे करावी लागली. दक्षिणेत सामान्य नागरिकांच्या सभा बसवून गर्भपातासारख्या पेटत्या विषयावर आधी चर्चा आणि मग सार्वमत, ही पद्धत चांगली रुळली आहे. एकीकरणावरही तसेच करावे, आरोग्यसेवा कुणाची, निवृत्तिवेतन कोण देणार, झेंडा कोणता, हे आधीच बोलून घ्यावे, असे म्हणणारे तिथे वाढत आहेत. अडचण एवढीच की अशा बैठकांना युनियनवादी पक्ष सहसा फिरकत नाहीत. तिथे नुसते जाऊन बसणे हीसुद्धा अर्धी संमती ठरेल, असे त्यांना वाटते. त्यांची भीती अनाठायी नाही. पण त्यांच्या गैरहजेरीत बेतलेल्या आराखड्याचे काय होऊ शकते, ते १९७४ च्या मे महिन्यात एकदा दिसलेले आहे.